हातांकडे पाहून बोलणारा माणूस

मोनालीचं काम म्हणजे दिवसभर परक्या माणसांची तोंडं पाहणं. ज्याचं पाहायची ओढ होती त्याचं तोंड मात्र तिला रोज संध्याकाळी फोनच्या काचेत वीस मिनिटं दिसायचं, तेही नेट धड असलं तर. याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. मोनाली त्याला नोकरी म्हणायची.

वर्धा रोडवरच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर, अशी पस्तीस माणसं ओळीने बसत. प्रत्येकाच्या पडद्यावर कुणातरी उमेदवाराचा दीड मिनिटाचा व्हिडिओ यायचा. तो पाहायचा आणि शेजारच्या रकान्यांत खुणा करायच्या. नजर समोर की खाली? आवाज स्पष्ट की दबका? हात स्थिर की चाळा करणारे? आणि शेवटचा, सगळ्यांत महत्त्वाचा रकाना: आत्मविश्वास, कमी की जास्त? अशा लाखो खुणा गिळून एक यंत्र शहाणं होणार होतं आणि मग कारखान्यांच्या, ऑफिसांच्या मुलाखती माणसाशिवाय घेणार होतं. कुठे कुठे घेऊही लागलं होतं. यंत्राचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण त्याचं चिन्ह होतं निळं घुबड, म्हणून ऑफिसात सगळे त्याला घुबडच म्हणत. घुबड घरावर बसलं तर आपल्याकडची म्हातारी माणसं त्याला टाळ्या वाजवून हाकलतात. इथे पस्तीस जण त्याला रोज आठ तास चारा घालत होते.

मोनालीचा नवरा नागसेन फिटर होता. हिंगण्याच्या ज्या कारखान्यात तो यंत्रांची देखभाल करायचा, त्याला तीन वर्षांपूर्वी कुलूप लागलं आणि नागसेन चाकणला गेला. तिथे एका खोलीत चौघं राहत. वर्षातून दोनदा तो घरी यायचा, चौदा एप्रिलला आणि दसऱ्याला, दीक्षाभूमीवर जायला. मधले महिने मोनाली आणि तिची सासू अंजनाबाई सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत एकमेकींना धरून राहायच्या. दोघींचं चांगलं जमायचं, कारण दोघींना एकच गोष्ट हवी होती आणि दोघीही ती बोलून दाखवत नव्हत्या.

यंदा एप्रिलमध्ये नागसेन चार दिवस राहून परत गेला आणि पाठोपाठ कूलर बंद पडला. पंखा फिरायचा, पण पाणीच वर चढायचं नाही. बाहेर चव्वेचाळीस, आत त्याहून जास्त वाटावं असं. मोनाली म्हणाली, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावते. अंजनाबाईने साफ नाही म्हटलं.

"माहा पोरगा फॅक्टरीच्या मशिनी चालू करते आन मी कूलरले परका माणूस आणू? येईन तो. आला की पहिलं काम कूलरचं."

तो दसऱ्याला येणार, तेव्हा कूलरचं काय लोणचं घालायचं, असं मोनालीच्या ओठांवर आलं होतं. पण ती बोलली नाही. कारण त्याच आठवड्यात बुटीबोरीच्या एका मोठ्या कारखान्यात फिटरच्या जागा निघाल्या होत्या आणि नागसेनने अर्ज केला होता. जमलं तर मे संपायच्या आत तो कायमचा घरी येणार होता. म्हातारीने कूलर त्याच्यासाठी राखून ठेवला होता. मोनालीने पण मग तो तसाच राहू दिला. रात्री ओला टॉवेल अंगावर घ्यायचा आणि पडायचं. वाट पाहायची तर थोडा घाम निघणारच.

आता मागची एक गोष्ट सांगायला हवी, ती मोनालीने घरी कुणाला सांगितलेली नव्हती.

कामावर लागली त्या पहिल्याच आठवड्यात तिच्या पडद्यावर नरखेडकडचा एक माणूस आला होता. चाळिशीचा, कॉलर घट्ट बटण लावलेली. नाव दाखवत नसत, पण गाव त्याने स्वतःच सांगितलं. विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करायचा. प्रश्न आला की मोटर पाणी का ओढत नाही ते कसं ओळखाल. आधी तो चाचरला. मग त्याची नजर स्वतःच्या हातांवर गेली आणि हात हवेत उठले. डाव्या हाताने त्याने मोटर धरली, उजव्याने झाकण उघडलं, आत बोट घालून काहीतरी फिरवून पाहिलं. मोटर तिथे नव्हतीच. पण मोनालीला ती दिसली. दीड मिनिट संपेपर्यंत त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

मोनालीने बेधडक खूण केली: आत्मविश्वास जास्त.

अशी माणसं तिला ठाऊक होती. आठ वर्षांपूर्वी कुहीला, तिच्या माहेरी, नागसेन तिला पाहायला आला होता. तिचे वडील धोंडबा यांनी विचारलं, काय काम करता? याआधी आलेल्या दोघांनी पगार सांगितला होता. नागसेन सांगू लागला की बेअरिंग खराब झालं ते कसं कळतं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आत घरघर ऐकू आली की समजायचं. सांगता सांगता त्याचे हात चालू झाले आणि तो हातांकडेच पाहत राहिला. पोहे गार झाले. मोनाली समोर नव्या साडीत ताटकळत बसलेली, आणि मुलगी पाहायला आलेला हा बाबा मुलीकडे पाहायचंच विसरला. तिला राग आला. रागाच्या खाली दुसरंही काही आलं, ते तिने बरेच दिवस स्वतःशीही कबूल केलं नाही. पाहुणे गेल्यावर धोंडबा एवढंच म्हणाले, "पोरगा खरं बोलून राहिला होता. त्याले काम येते." लग्न ठरलं. पुढे संसारातही तो तसाच राहिला, काही मनातलं सांगायचं असलं की हातांकडे पाहून सांगायचा. माझ्याकडे पाहून बोला ना, असं ती शंभरदा म्हणाली असेल.

तर तिने खूण केली आणि दुसऱ्या दिवशी प्रज्वल सरांनी तिला बोलावलं. हा त्यांचा सुपरवायझर, सत्तावीस वर्षांचा, स्वभावाने गरीब. एकच व्हिडिओ तिघांकडे जायचा आणि तिघांच्या खुणा जुळल्या पाहिजेत असा नियम होता. या जुळणीवर सगळा खेळ होता. मोनालीशिवाय बाकी दोघांनी लिहिलं होतं: नजर खाली, हात अस्थिर, आत्मविश्वास कमी.

"पण सर, त्याला काम येतं," मोनाली म्हणाली.

"मॅडम, काम येतं की नाही हे आपण नाही बघत. आपण कॉन्फिडन्स बघतो. गाइडलाइनमध्ये क्लिअर आहे, नजर खाली म्हणजे कमी."

"हातांकडे पाहून बोलतो तो. माझ्या घरी..."

"घरचं इथं नको ना, मॅडम. तुमची जुळणी पहिल्याच आठवड्यात बासष्ट टक्के आहे."

शेजारी बसणारी वंदना जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "दर तीन महिन्याले नोकरीचा कागद नवा होते वं. जुळणी खाली गेली का नाव कटलं. कायले डोकं लावून राहिली?"

मोनालीने डोकं लावणं सोडलं. नागसेन बाहेर, घर तिच्या नोकरीवर उभं. तिने सोडलं नसतं तर मलाच नवल वाटलं असतं. त्यानंतर वर्षभर जी जी माणसं हातांकडे पाहून बोलली, वेल्डर, फिटर, गवंडी, शिवणकाम करणाऱ्या बाया, त्या सगळ्यांच्या पुढे तिने कमी, कमी, कमी अशा खुणा केल्या. पहिले काही दिवस बोट अडखळायचं. मग सवय झाली. जुळणी चौऱ्याण्णववर गेली आणि प्रज्वल सरांनी सगळ्यांसमोर तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

बुटीबोरीच्या कारखान्याकडून मुलाखतीची लिंक आली ती नागसेनने तिला पाठवली. तिने उघडली. वरच्या कोपऱ्यात निळं घुबड बसलेलं.

त्या संध्याकाळपासून तिने नवऱ्याची शिकवणी घेतली. का ते सांगितलं नाही. कामाचं बाहेर बोलायचं नाही असं लिहून दिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

"हात मांडीवर ठेवायचे. उचलायचेच नाही. आन फोनच्या वर तो काळा ठिपका आहे ना, त्याच्याकडेच पाहायचं."

"त्याच्यात काय पाहायचं वं? ठिपका आहे तो."

"मी आहे असं समजा."

"तू आहे म्हणून समजलो त बोलताच येणार नाही मले," नागसेन हसला. पण शहाण्या मुलासारखे हात मांडीवर ठेवून त्याने ठिपक्याकडे पाहत बेअरिंगचं उत्तर दिलं. शाळेत कविता म्हणतात तसा तो बोलला. मधले दोन मुद्दे विसरलाच. हात बांधले की याची अक्कलही बांधली जाते, हे तिला आठ वर्षांत प्रथमच कळलं. तरीही ती म्हणाली, "असंच बोला. असंच पाहिजे."

मुलाखत शनिवारी झाली. नागसेनचा फोन आला तेव्हा तो एवढ्या आनंदात होता की शब्द एकमेकांवर पडत होते.

"एकदम झकास झाली. पहिले दोन प्रश्न तू सांगतलं तसंच, ठिपक्याकडं पाहून. मंग त्यानं विचारलं, पंप गरम होऊन राहिला आन आवाज येऊन राहिला, काय करसान? मोनाली, तो पंप मी हिंगण्याले दहा वर्षं सांभाळला ना. सगळं सांगतलं. टाइम संपून गेला तरी सांगून राहिलो होतो."

"पाहत कुठं होते तुम्ही?"

"कधी?"

"पंपाचं सांगताना."

"आता ते काय मालूम. हातच बोलून राहिले होते मंग."

मोनाली म्हणाली, "बरं झालं." तिचा आवाज तिलाच परका वाटला. अंजनाबाई दारातून ऐकत होती. तिने लगेच खोलीतली पेटी सरकवून भिंतीशी जागा केली, तो आल्यावर त्याची खाट टाकायला. आणि कूलरवरची धूळ पुसून घेतली.

चौथ्या दिवशी मेल आला. आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार वगैरे, आणि खाली एक ओळ: संवादातील आत्मविश्वास अपेक्षेपेक्षा कमी. नागसेनने तो मेल तिला पुढे पाठवला आणि लिहिलं, इंग्रजी नीट समजलं नाही, नाही म्हणतात का? पंपाचं उत्तर चुकलं का माझं?

ते वाचून मोनाली ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडली. त्याचं उत्तर चुकलेलं नव्हतं. दहा वर्षं त्याने जे काम केलं त्यातला एक शब्द चुकलेला नसणार. चुकलं ते एवढंच की तो खरं बोलत होता आणि खरं बोलताना तो जसा दिसतो, तसं दिसणं म्हणजे कमी, असं त्या घुबडाला कुणीतरी शिकवलं होतं. ते कुणीतरी कोण, हे शोधायला तिला लांब जायचं नव्हतं.

तोंड धुऊन ती प्रज्वल सरांकडे गेली.

"सर, मागच्या वर्षीच्या माझ्या खुणा बदलता येतील?"

"कशाला?"

तिने सांगितलं. सगळं सांगितलं, कुहीच्या पोह्यांपासून. प्रज्वलने मान खाली घातली. त्याला वाईट वाटलं असावं, कारण त्याने गाइडलाइनचं नाव काढलं नाही.

"मॅडम, तुमच्या एकटीच्या अकरा हजार खुणा आहेत. चहात साखर विरघळली, आता कुठून काढणार? आणि तुम्ही नसतं केलं तर दुसऱ्या कोणी केलं असतं."

"दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तुमच्याकडे आले नसते, सर."

मग उठून त्याने दार लोटलं आणि हळूच सांगितलं की मेलच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ असते. सात दिवसांत उमेदवाराने मागणी केली तर त्याचा व्हिडिओ माणसाला पाहावा लागतो. आजवर किती जणांनी मागणी केली असं मोनालीने विचारलं. आपल्याला माहीत असलेल्यांत एकानेही नाही, असं तो म्हणाला.

त्याच दुपारी तिने नागसेनकडून मागणी पाठवली. अंजनाबाईला काही बोलली नाही. पाच दिवस ती घाबरत घाबरत आशा धरून होती. कुणीतरी माणूस, कुणी जुना फोरमन, तो व्हिडिओ लावेल. त्या हातांकडे पाहील आणि दुसऱ्या क्षणी म्हणेल, अरे, याला बोलवा. बस्स, एका माणसाने एकदा पाहावं. एवढंच तिचं मागणं होतं आणि ते किती साधं आहे याचं तिला नवल वाटायचं. सकाळी बसमध्ये उभं राहिल्यावर ती मनात त्याला घरी आणायची. बुटीबोरीची कंपनीची बस संध्याकाळी सातला सक्करदऱ्याला सोडते, म्हणजे सव्वासातला तो दारात. डबा मोरीत ठेवेल. हात धुईल, ते काळे हात, साबण दोनदा लावून. मग हातांकडे पाहत दिवसभराचं सांगेल. सांगू दे हातांकडे पाहून. ती आता कधी काही म्हणणार नाही.

कामावर मात्र तिचं बोट आता ऐकत नव्हतं. हातांकडे पाहून बोलणारा माणूस आला की ती सरळ लिहायची: जास्त. जुळणी चौऱ्याण्णववरून एक्काहत्तरवर आली. वंदना म्हणाली, "येडी झाली का?" मोनालीने तिला आपल्या पडद्यावरची एक शिवणकामवाली दाखवली, जिचे हात हवेत बाही शिवत होते. वंदनाची आई आयुष्यभर शिवणयंत्रावर बसलेली. ती पाहत राहिली, मग आपल्या जागेवर गेली.

सहाव्या दिवशी कारखान्याचं उत्तर आलं. व्हिडिओ पाहिला, उमेदवार अनुभवी वाटतो, परंतु जागा भरल्या गेल्या आहेत.

ती घरी आली तेव्हा अंजनाबाई गच्चीवरचे पापड काढायला गेली होती. मोनालीने पर्स ठेवली, साडीचा पदर खोचला आणि कूलरची बाजूची जाळी काढली. मग नागसेनला फोन लावून तो खिडकीच्या कठड्याला टेकवून ठेवला.

"काय करून राहिली?" त्याने विचारलं. उत्तर त्यालाही आलेलं होतं.

"सांगा मले. पंप कसा काढू?"

त्याने मान पुढे केली. मग म्हणाला, "पहिले प्लग काढ." आणि एकेक सांगू लागला. तळातून पंप उचल. खालची टोपी फिरव. पंखुडी दिसते का, बारकी? क्षार जमला असंन. स्क्रूड्रायव्हरनं खरवड. आता बोटानं फिरवून पाह. मोनाली वाकून, घामाने भिजून, सांगितलं तसं करत होती. पंखुडी आधी अडली, मग सुटली आणि गरकन फिरली.

"फिरली," ती म्हणाली.

"नजर खाली आहे तुही," नागसेन म्हणाला. "आत्मविश्वास कमी." त्याने गंमत केली होती. मेलमधली ओळ त्याने कुणाकडून तरी समजून घेतली होती.

मोनालीने पंप खाली ठेवला आणि त्याला सांगितलं. अकरा हजार खुणा. टाळ्या. नरखेडचा माणूस. "मीच शिकवलं त्याले. मले मालूम होतं, तरी शिकवलं."

फोनमध्ये मागे कुणीतरी भांडी घासत होतं. नागसेन रागावेल, निदान काही तोडून बोलेल, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"त्या नरखेडवाल्याचं काय झालं मंग?" त्याने विचारलं.

"मालूम नाही."

"तो भी असंन कुठंतरी, घर सोडून."

तिने ओल्या हाताने डोळे पुसले, गालाला गाळ लागला. वर पाहिलं तर तो फोनमध्ये नेहमीसारखाच, मान थोडी झुकलेली, पापण्या खाली. काचेवरच्या तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता तो, हे तिला कळत होतं. पण तिला दिसायच्या त्या फक्त पापण्या. तीन वर्षं रोज पापण्याच.

"एकदा त्या ठिपक्याकडं पाहा ना," ती म्हणाली.

"कायले?"

"पाहा."

त्याने पाहिलं. आणि नागसेन सरळ तिच्याकडे पाहत होता. थकलेले, जरा लालसर डोळे, आठ वर्षांत कधी एवढा वेळ तिच्यावर न थांबलेले. हलली तर ती नजर जाईल असं तिला वाटलं.

"पाहून राहिलो का बरोबर?"

"हो."

"मले मात्र तू दिसून नाही राहिली," तो म्हणाला. "काळंच दिसते."

तरी तो पाहत राहिला, तिला हवं होतं तेवढा वेळ. मग म्हणाला, "लाव आता बटण."

तिने पंप तळात ठेवला, जाळी बसवली, प्लग घातला. कूलर एकदा धडधडला, पाणी चढलं, गवत भिजल्याचा वास सुटला आणि महिन्याभराने खोलीत थंड हवा आली.

पापडांची परात घेऊन अंजनाबाई दारात उभी होती. तिने कूलरकडे पाहिलं, सुनेच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, खिडकीतल्या फोनकडे पाहिलं.

"म्हणजे येत नाही तो," ती म्हणाली.

म्हातारीने परात खाली ठेवली आणि भिंतीशी केलेल्या मोकळ्या जागेत पेटी परत सरकवू लागली. मोनाली हात धुवायला न थांबता तिच्या मदतीला गेली.